त्या कोपऱ्यात दव पडत नाही

सोमवार, २ डिसेंबर

"रोज जेवताना शाळेचं रडगाणं गाण्यापेक्षा वहीत लिहीत जा, म्हणजे मला दोन घास सुखाने खाता येतील," असं हे म्हणाले. तर घ्या, आजपासून वही.

आज मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. जानेवारीत शाळेत प्रदर्शन आहे. बैठकीत मोठ्या बाईंनी विचारलं, सहावीचं काय? इतकी वर्षं मी ज्वालामुखी शिकवला तो फळ्यावर त्रिकोण काढून आणि वर लाल खडूचे फराटे मारून. आज कुठून अवसान आलं कोण जाणे, बोलून बसले, "सहावी ज्वालामुखी करणार. मातीचा, माणसाएवढा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आणि त्याच माझ्या थोरल्या नणंद. शाळेत मॅडम, घरी वन्सं. चुकलं तर मला दोन्हीकडे बोलणी बसतात, त्यामुळे आता शब्द फिरवायची सोय नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

वर्गात सोड्याची बाटली नेली. म्हटलं, जमिनीखाली खोलवर दगड वितळून त्याचा रस होतो, त्याला शिलारस म्हणतात. त्यात वायू विरघळलेले असतात, या बाटलीतल्यासारखे. रस वर आला की त्यावरचा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे फुटतात आणि सगळं उसळून बाहेर येतं. असं म्हणून बाटली हलवली आणि झाकण काढलं. पहिल्या बाकावरची पोरं न्हाऊन निघाली, मीही निघाले. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

मग प्रश्नांचा पाऊस. एकाने विचारलं, बूच घट्ट लावलं तर? मी म्हटलं, मग डोंगरच फुटतो. दुसरा म्हणाला, आमच्या आजोबांसारखं. त्या आजोबांना मी ओळखते, त्यामुळे रागावता आलं नाही.

वकीलबाईने अर्थातच हात वर ठेवला. हिचं हे नाव मी ठेवलं आणि आता सगळी शाळा तिला तेच म्हणते. बारीक, दोन वेण्या, आणि कुठल्याही गोष्टीला 'पण' लावल्याशिवाय तिचं पान हलत नाही. "पण बाई, फुटायच्या आधी कळतं का?" मी म्हटलं, कळतं, पुढच्या तासाला सांगते. खरं म्हणजे मलाच घरी जाऊन वाचायचं होतं.

मंगळवार, १० डिसेंबर

वाचून गेले, छान शिकवलं. ज्वालामुखी जागा होण्याआधी कशा खुणा दिसतात ते फळ्यावर लिहिलं. जमीन तापते. भेगा पडतात. उग्र वास येतो. झाडंझुडपं सुकतात. खालून पोकळी झाली की जमीन खचते. पोरांना म्हटलं, शास्त्रज्ञ म्हणजे कोणी जादूगार नव्हे, जो डोळे उघडे ठेवतो तो शास्त्रज्ञ.

झालं. वकीलबाई उभी. "बाई, आपल्या मैदानाच्या तिकडच्या कोपऱ्यात असंच आहे."

वर्ग खिदळला. ती अजिबात डगमगली नाही. सकाळी सगळ्या गवतावर दव असतं, त्या कोपऱ्यात नसतं. तिथलं गवत पिवळं पडलंय. भेग आहे. कपडा जळल्यासारखा वास येतो. एवढ्या थंडीत तिथे बसलं की ऊब लागते, म्हणून शाळेची कुत्री पिल्लं घेऊन तिथेच झोपते.

मीही हसले. नकाशा लावून दाखवलं, सर्वांत जवळचा ज्वालामुखी समुद्रापलीकडे आहे. आपल्याकडे होते ते कोट्यवधी वर्षांपूर्वी विझले, आता होणार नाही. आणि वर तिच्याच साक्षीदाराने तिला पाडलं. म्हटलं, "वकीलबाई, ज्वालामुखी जागा होताना जनावरं पळून जातात म्हणे. आपली कुत्री तर बाळंतपणाला तिथे आलीय!" वर्ग बाकं बडवायला लागला. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "पण बाई, मग ऊब कसली?" तेवढ्यात घंटा झाली.

पोरगी हुशार आहे, पण उंटावरची शहाणी आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

ज्वालामुखी उभा राहिला! आधी मधोमध मडकं, भोवती विटांचे तुकडे आणि पोती, वरून चिखल. आधी फाटकाजवळ जागा पाहिली होती, पण तिथे थंडीत चिखल वाळेचना. वकीलबाईच्या त्या कोपऱ्यात बांधला, तर दोन दिवसांत खडखडीत. तिचा मुद्दा माझ्या कामी आला, असं मी तिला गमतीने म्हटलंही. ती हसली नाही. चिखल कालवायला मात्र पुढे होती, पण दोरीने बांधल्यासारखी भेगेच्या अलीकडेच उभी राहून.

आज तोंडातून लाल पाणी ओतून पाहिलं. पायथ्याशी नळी ठेवली होती, तिच्यातून ते वाहायला हवं होतं. बादलीभर पाणी ओतलं तरी नळीतून थेंब नाही, कुठे जिरलं देव जाणे. मडकं तडकलं असेल. पण एक गंमत झाली, वरच्या तोंडातून भसकन वाफ आली! वाफेची सोय मी केलीच नव्हती. पोरांनी टाळ्या पिटल्या. दिसलं मात्र झकास. प्रदर्शनाला हेच करायचं.

सोमवार, २३ डिसेंबर

वन्सं जेवायला आल्या होत्या. मी सहज म्हटलं, मैदानाच्या त्या कोपऱ्यात जमीन जरा कोमट लागते नाही? त्यांचा घास हातातच राहिला.

"कोण म्हणतं?"

"मुलं म्हणतात."

"मुलं उद्या म्हणतील शाळाच नको. तिथे केवढा खड्डा होता, तू पाहिलायस. वखारवाल्यांच्या हातापाया पडून भुसा आणला, कारखान्याची राख आणली, वर माती टाकली, तेव्हा पोरांना मैदान मिळालं, त्या कोपऱ्याला लागून दुसरीची खोली मिळाली. सगळे म्हणत होते जमणार नाही. मी जमवलं."

"तसं नाही वन्सं..."

"मग कसं?"

यांनी मध्येच पाण्याचा तांब्या पुढे करून विषय हवापाण्यावर नेला. चाळीस वर्षं बहिणीचा धाकटा भाऊ असण्याचा हा फायदा. मीही भात वाढायला घेतला. वन्संचं मैदान म्हणजे त्यांचं पोटचं पोर आहे, त्याला कोण नावं ठेवणार? आणि खरंच, कोमट तर कोमट. ऊन पडत असेल तिथे जास्त.

शुक्रवार, ३ जानेवारी

डोक्याला ताप. दुसरीच्या तीन मुलांच्या आया शाळेत आल्या. पोरं शाळेत यायला रडतात, म्हणतात शाळेखाली ज्वालामुखी आहे. कोणी सांगितलं? सहावीच्या ताईने. ही ताई मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाबाहेर पहारा देते आणि लहानग्यांना दटावून हाकलते.

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "खुणा शिकवल्यास तू. आता निस्तर तूच. प्रदर्शनाच्या तोंडावर असली अफवा मला नको."

मग वकीलबाईच्या वडिलांना बोलावलं. पावाची गाडी चालवतो बिचारा, अंगाला ताज्या पावाचा वास. हात जोडूनच आत आला. "बाई, घरी पण असंच करते. आई नाही तिला, मी दिवसभर बाहेर. तुमचं फार नाव घेते ती. तुम्ही जरा धाक दाखवा, तुमचं ऐकेल."

मला त्याची दया आली आणि पोरीचा राग आला. माझं इतकं नाव घेते, मग माझं ऐकायला काय होतं?

बुधवार, ८ जानेवारी

डाव्या हाताला पट्टी आहे. आज काही लिहवत नाही.

पोरगी जिवंत आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

लिहिलं नाही तर वेड लागेल.

काल प्रदर्शनाची रंगीत तालीम होती. मोठ्या बाई संस्थेच्या दोन पाहुण्यांना घेऊन व्हरांड्यात उभ्या. मी मुलांना ज्वालामुखीभोवती गोल उभं राहायला सांगितलं. वकीलबाई राहिली नाही. मागे सरकली, तिच्यामागून आणखी चार जणी सरकल्या. मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बाई, भेग काल एवढी नव्हती."

पाहुणे बघत होते. वन्संच्या कपाळावर आठी. माझं टाळकं सरकलं.

मी म्हटलं, "अस्सं? मग तू एकटीच उभी राहा. अगदी भेगेवर. घंटा होईपर्यंत. सगळ्यांना बघू दे काय होतं ते."

ती गेली. हट्ट नाही, रडणं नाही. मी सांगितलं म्हणून गेली आणि उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, चप्पल गरम लागतेय."

मी म्हटलं, "नाटकं पुरे."

आणि तिच्याकडे पाठ केली. दुसऱ्यांना पाणी कसं ओतायचं ते दाखवायला लागले.

आवाज मोठा झालाच नाही. मला वाटायचं, जमीन खचताना गडगडाट होत असेल. पोतं खाली ठेवल्यासारखा धप्पकन आवाज आला. वळून पाहिलं तर ज्वालामुखी एका बाजूला कलंडलेला, आणि ती मांडीपर्यंत जमिनीत. तिच्या भोवतीने धूर. तोंड उघडं, पण आवाज नाही. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. खालून लालभडक दिसत होतं, चुलीत दिसतं तसं. डावा हात कडेला टेकला तेव्हा माझंच कातडं निघालं. तिचे पाय मी पाहिले. ते इथे लिहिणार नाही.

कुत्री कुठेच दिसली नाही. तिची पिल्लंही नाहीत. कधी गेली ती?

काल सगळ्यांच्या देखत मी बारा वर्षांच्या मुलीला विस्तवावर उभं केलं. वाक्य पुन्हा पुन्हा वाचते आहे. अक्षर माझंच आहे.

शनिवार, ११ जानेवारी

वन्सं घरी आल्या. माझ्या हाताची पट्टी स्वतः बदलली, स्वयंपाक केला. मग बसल्या.

"कोणीतरी तिथे कचरा जाळला असणार. निखारे राहिले, त्यावर माती पडली. दोन टँकर पाणी मारून वाळू टाकलीय. सोमवारपासून शाळा सुरू."

मी मान हलवली. कचराच असणार, दुसरं काय? तरी सोळा तारखेची ती वाफ डोळ्यांपुढे येत राहिली. कचऱ्याच्या निखाऱ्याला एवढी वाफ येते का, हे वन्संना विचारायचा धीर झाला नाही.

"आणि मुलगी तिथे खेळायला गेली होती," त्या म्हणाल्या.

"वन्सं, मी तिला..."

"पोरांना काय कळतंय कोण काय म्हणालं ते. पाहुण्यांशी मी बोललेय. तिचा बाप तर उलट माझीच माफी मागत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी नोकरी, माझी शाळा, दोन्ही जातील. त्याने तिचे पाय बरे होणार आहेत का?"

हे कोपऱ्यात उभे होते. पाण्याचा तांब्या आज त्यांनी पुढे केला नाही. माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी खाली मान घालून बसले आणि गप्प राहिले, म्हणजे कबूलच केलं.

सोमवार, १३ जानेवारी

आज जे झालं ते सरळ लिहून काढते.

शाळेतून रजा काढून दुपारी दवाखान्यात गेले. फळं नेली. फळं! बाप उठून उभा राहिला, मला स्टूल दिलं. "बाई, तुमच्यामुळे वाचली. डॉक्टर म्हणाले आणखी थोडा वेळ गेला असता तर..." तो माझ्या पट्टीकडे बघून डोळे पुसायला लागला. मी सांगायला गेले होते. शपथ घेऊन गेले होते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "तब्येत कशी आहे?"

पायांवर पिंजऱ्यासारखी जाळी, वर चादर. चेहरा तेवढाच बाहेर. मला बघून ती हसायला गेली.

"बाई, मी चुकले."

"काय चुकलीस?"

"तिथे ज्वालामुखी नव्हताच. तुम्ही नकाशात दाखवला होता, तरी मी ऐकलं नाही. म्हणून तुम्ही उभं केलंत ना?"

बाप फळं धुवायला नळाकडे गेला होता, त्याने ऐकलं नाही. मी इकडे तिकडे बघितलं. हो, पहिल्यांदा मी तेच बघितलं, कोणी ऐकलं का ते.

मग ती म्हणाली, "दुसरीची मुलं आता कुठे बसतात?"

"वर्गात. का गं?"

"पायरीवर नाही ना बसत डबा खायला? भेग तिथपर्यंत जाते. पायरीच्या खाली शिरते. पायरी सकाळी पण गरम असते, म्हणून त्यांना तिथेच बसायला आवडतं. मी त्यांना उठवायचे. आता कोण उठवतं?"

पहारा. हाकलणं. आणि आम्ही तिच्या बापाला बोलावून घेतलं होतं.

घड्याळात पाहिलं, दुसरीची डबा खायची सुट्टी जवळ आली होती. मी काय बोलले आठवत नाही. बापाने माझा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "चला, गाडी खालीच आहे." वाटेत मी मोबाइलवरून अग्निशमन दलाला बोलावलं. शाळेत फोन लावला, तो कोणी उचलला नाही.

पोचलो तर दुसरीची सगळी पिल्लावळ पायरीवर, गुडघ्याला गुडघे लावून, डबे उघडून बसलेली. मी फाटकातूनच ओरडले. मुलं घाबरून जागीच थिजली. मग मी आणि तो पाववाला, आम्ही एकेकाला बखोट्याला धरून उचललं आणि फाटकाबाहेर नेलं. डबे सांडले, मुलं भोकाड पसरून रडली. मी त्यांच्या बाईंना म्हटलं, आतली पण काढा, सगळी शाळा काढा. मोठ्या बाई धावत आल्या.

"काय चाललंय हे? तुला कोणी अधिकार दिला?"

"वन्सं, बाजूला व्हा." शाळेत, सगळ्यांदेखत, वन्सं म्हटलं.

बंबवाले आले. त्यांच्यातल्या वयस्क माणसाने आधी वाळूवर सळई खुपसली आणि मान हलवली. मग पायरीकडे आला. पहारीने पायरीचा दगड उचलला. खाली माती नव्हतीच. काळी पोकळी होती, आत लाल धग श्वास घेतल्यासारखी कमीजास्त होत होती, आणि ती वर्गाच्या जमिनीखाली आतपर्यंत गेली होती. त्याने हात आडवा करून सगळ्यांना मागे लोटलं. म्हणाला, भुसा खालून आतल्या आत धुमसतोय, कित्येक महिने, टँकरने याला काही होत नाही. ही पायरी आजच बसली असती की आठवड्याने, ते सांगता येत नाही.

वन्सं व्हरांड्याचा खांब धरून उभ्या होत्या. भुसा कोणी आणला ते सांगायची गरज कोणालाच नव्हती. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्या माणसाने विचारलं, "परवा भाजली ती मुलगी इथे कशी आली?"

"खेळायला गेली होती साहेब," तिचा बाप पटकन म्हणाला. "जरा हट्टी आहे. या बाईंनी ओढून काढली तिला."

"नाही," मी म्हटलं. "ती जायला तयार नव्हती. तिला सगळं कळलं होतं. तिला तिथे मी उभं केलं. शिक्षा म्हणून. चप्पल गरम लागतेय म्हणाली, तरी उभं ठेवलं."

पाववाला माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "चार दिवस ती म्हणतेय, पप्पा, माझंच चुकलं. आणि मी म्हणतोय, हो बाळा, पुन्हा असं करू नको." त्याने गाडीचं दार उघडलं. "बसा. आधी तिला सांगा."



वॉर्डात परिचारिका जाळी नीट करत होती. ही मुलगी ड्रेसिंगला एकदाही रडत नाही, मोठी माणसं किंचाळतात, असं कौतुकाने सांगून ती गेली. मी स्टुलावर बसले नाही. उभीच राहिले.

म्हटलं, "तिथे ज्वालामुखी नव्हता, एवढंच फक्त माझं बरोबर होतं. बाकी तू सांगितलंस ते सगळं खरं होतं. ऊब खरी, भेग खरी, वास खरा. जमिनीखाली आग आहे. पायरीखालीसुद्धा. मुलांना आत्ता बाहेर काढलं, तू सांगितलंस म्हणून. चूक माझी. तुझी काहीच चूक नव्हती."

ती विचार करत होती. कपाळावर तीच आठी, वर्गात असते ती.

"काहीच नव्हती?"

"काहीच नाही."

मग तिने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले आणि रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलं रडतात तशी, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. बाप धावला. मी जवळ गेले, तशी ती जाळीसकट अंग चोरून पलंगाच्या पलीकडच्या कडेला सरकली.